दुमडायचा राहिलेला कोपरा

लातूर, ९ फेब्रुवारी २०२५

जिलानीचाचा,

सलाम. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर नुसतं घूं-घूं ऐकू येतं आणि कानातलं यंत्र तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलंय. म्हणून आपला जुनाच मार्ग.

पेपरात आलंच असेल. मंगळवारी सकाळी आमच्या प्रशिक्षण संस्थेचं एक लहान विमान उतरताना धावपट्टीवर आदळलं. त्यात मी होतो. घाबरू नका, धडधाकट आहे. कपाळाला अकरा टाके पडले, बस्स. शेजारी शिकाऊ मुलगी होती, तनुजा, लातूरचीच. तिचा डावा पाय घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडला.

झालं असं, की शेवटच्या क्षणी ती गांगरली. विमान वर-खाली करायचा दांडा एकदम मागे ओढला. विमान उसळलं आणि डाव्या पंखावर पडलं. मी सावरायला गेलो, पण जमीन इतकी जवळ होती की सावरायला जागाच उरली नव्हती. शिकणाऱ्यांचं असं होतं कधी कधी. दिल्लीहून चौकशीचे साहेब आले होते, त्यांना मी हेच लिहून दिलं. रोज उडण्याआधी आम्हाला मशीनमध्ये फुंकावं लागतं, कुणी दारू घेतलीय का ते बघायला. माझं शून्य आलं होतं. त्यामुळे माझ्याबद्दल कुणाला शंका नाही.

एक काम करा. गावात कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मुखेडची गाडी धरा आणि आई-बाबांना तुम्हीच सांगा. तुमचं ते ऐकतात.

आणि हो, तुमच्या पुड्यांनी सर्दी पळाली.

तुमचा
दयानंद

•

कंधार, १३ फेब्रुवारी

बेटा दयानंद,

मी पेपर वाचत नाही. मेडिकलवाल्याला बातम्या गिऱ्हाइकंच आणून देतात. तुझीही तशीच आली, आणि त्या बातमीत तू मेला होतास. दोन दिवसांनी पाकिटावर तुझं अक्षर बघितलं तेव्हा मी काउंटरला धरून उभा राहिलो. समोर खोकल्याचं औषध मागणारा माणूस मलाच पाणी देऊ लागला.

गावी जाऊन आलो. नीलाबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पोरगं जेवून-खाऊन हाय न्हवं?" मी हाव म्हणालो. तुझ्या बापानं, अण्णारावानं, माझ्यासाठी बाज ओढली. मग म्हणाला, "जिलानी, आपण दोघं सायकलीवरून पडायलो तवा बरं हुतं. लई उंच न्हवतं ते." चौथीपासूनचा माझा दोस्त आहे तो, त्याला एवढं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं म्हणजे, ओठांवरून वाचलं.

आता एक असंच विचारतो. त्या रविवारी मी तुला नऊ पुड्या बांधून दिल्या होत्या. किती घेतल्यास? मंगळवारी सकाळी घेतली होतीस का? उरलेल्या टाकू नकोस. उघडून बघ, छोटी पिवळी गोळी त्यातल्या कितींत आहे. घाई नाही. म्हणजे, लवकर कळव.

ती मुलगी कुणाची? भेटायला गेलास का?

जिलानी

•

लातूर, २० फेब्रुवारी

चाचा,

धन्य आहे तुमची. माणूस विमानातून पडला तरी औषध पुरं केलं की नाही, यावर तुमची पाळत. अकरावी-बारावीला तुमच्या दुकानावरच्या खोलीत राहायचो तेव्हाही तुम्ही मला तोंड उघडून दाखवायला लावायचात, गोळी गिळली का म्हणून.

तर घ्या. रविवारी रात्री एक, सोमवारी तीन, मंगळवारी सकाळी सहाला एक. पुढे इस्पितळातल्या औषधांत तुमच्या पुड्यांना कोण विचारतो? उरलेल्या चार आत्ता उघडल्या. पिवळी एकीतही नाही, सगळ्यांत पांढऱ्याच. झालं समाधान?

तनुजाला भेटून आलो. तिचे वडील मन्मथअप्पा डाळमिलच्या जळालेल्या मोटारी वाइंडिंग करून देतात. पोरगी बारावीनंतर डॉक्टरकीचा क्लास सोडून आमच्याकडे आली, तेव्हा अख्ख्या गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. पुढच्या आठवड्यात ती एकटीनं उडणार होती. मला बघून पलंगावर उठून बसायला लागली. म्हणाली, "सर, सॉरी." चूक माझीच झाली, असं तिनंही चौकशीत लिहून दिलंय. एक शब्द उलट बोलली नाही. अप्पा म्हणाले, "पोरीमुळं तुमास्नी लई तरास झाला, सर." मी जास्त वेळ बसलो नाही.

पुड्यांबद्दल मात्र कुणाकडे बोलू नका. आम्हाला साधी सर्दीची गोळीसुद्धा विमानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेता येत नाही. उगाच नसता फाटा फुटायचा.

दयानंद

•

कंधार, २७ फेब्रुवारी

दयानंद,

भर दुपारी शटर अर्धं ओढून हे लिहितोय. बाहेर दोघं जण उभे आहेत. राहू देत.

माझी पद्धत तुला माहीत आहे. गोळ्यांची पट्टी कापायची, नावाचा भाग फेकून द्यायचा आणि कागदात एकेका वेळेची पुडी बांधायची. नाव वाचलं की माणूस स्वतःच डॉक्टर होतो, असं मी चौतीस वर्षं सांगत आलो. नाव न कळलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही, हेही खरंच आहे, ते कधी सांगितलं नाही. चूक होऊ नये म्हणून रात्रीच्या पुडीचा कोपरा दुमडतो. अर्ध्या तालुक्याला ठाऊक आहे, दुमडलेली ती रात्रीची.

त्या रविवारी तू गावाहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून आलास. दुकानात गर्दी होती. आणि मला मिरवायचं होतं, दयानंद. खरंच मिरवायचं होतं. हात पुड्या बांधत होते आणि तोंड सगळ्यांना सांगत होतं, हा आमचा दयानंद, माझ्या माडीवर शिकला, आता विमान शिकवतो. गिऱ्हाइकांतली साखराबाई म्हणाली, "ह्ये इमान चालवतंय? मंग हेला बी सर्दी हुती का?" सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसलो. त्या हसण्यात कोपरे दुमडायचे राहिले.

नऊपैकी तीन पुड्यांत पिवळी होती. सर्दीला उत्तम, पण गुंगी आणते, म्हणून फक्त रात्री. अपघातापर्यंत तुझ्या रात्री झाल्या दोन आणि पोटात गेल्या तीन. म्हणजे निदान एक तू दिवसा घेतलीस. सकाळी सहाला घेतली असशील, तर आठ-साडेआठला, म्हणजे ऐन अपघाताच्या वेळी, ती भरात असते.

अजून एक आहे आणि ते लिहायला मला जास्त जड जातंय. तुझी गाडी सुटल्यावर तासाभरातच मला कोपरे आठवले होते. फोन मला ऐकू येत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगावं लागलं असतं. मग त्याला कळलं असतं की जिलानी चुकला. म्हटलं, पोरगं शिकलेलं आहे, बघून घेईल. आणि मी दिवाबत्तीला लागलो.

एवढंच सांग. तू झोपला होतास का?

जिलानी

•

लातूर, ७ मार्च

चाचा,

तुमचं पत्र मी फाडलं. हे तुम्ही फाडा.

हो. धावपट्टीभोवती दोन फेऱ्या झाल्या तेव्हाच डोळे जड झाल्याचं मला कळलं होतं. खाली उतरू, आज पुरे, एवढंच म्हणायचं होतं. पण कारण सांगावं लागलं असतं. सर्दी कळली की डॉक्टर उडणं बंद करून आठवडाभर जमिनीवर बसवतात. तनुजाला एकटीनं उडायला पाठवायचं होतं आणि ते मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं. मीच तिला घडवलं, असं म्हणायचं होतं ना! तुमचाच शागीर्द मी. चौथ्या फेरीत डोळा लागला. किती वेळ ते ठाऊक नाही. जाग आली तेव्हा जमीन जवळ होती. पुढचं मी लिहून दिलंय तसंच.

आता माझं ऐका. ती वीस वर्षांची आहे. शिकणाऱ्याची चूक असली की लोक समजून घेतात. पाय जुळला की येईल परत. मी सांगितलं तर माझं लायसन्स जाईल, तुमचं दुकान जाईल, बाबांना गावात मान वर करता येणार नाही. एवढ्यांचं वाटोळं करून तिच्या पायाचं हाड लवकर जुळणार आहे का?

मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. गप्प राहा.

दयानंद

•

कंधार, १५ मार्च

तनुजा बेटी,

तू मला ओळखत नाहीस. माझं कंधारला औषधांचं दुकान आहे, आणि तुझे सर दयानंद माझ्या घरच्या पोरासारखे. तुझ्या वडिलांच्या दुकानाचा पत्ता मी डाळमिलवाल्यांत विचारून मिळवला.

अपघाताच्या दिवशी सकाळी तुझ्या सरांच्या पोटात झोप आणणारी गोळी होती. त्यांना ते माहीत नव्हतं. ती मी दिली होती आणि रात्रीची पुडी ओळखू येईल अशी खूण करायला मी विसरलो होतो. त्याच संध्याकाळी चूक लक्षात आली, तरी कळवलं नाही. हे सगळं मी चौकशीच्या साहेबांनाही आजच रजिस्टर्ड पोस्टानं लिहून पाठवलंय, पुड्यांचा एक नमुना आत घालून. दयानंदला विचारलेलं नाही.

तू लिहून दिलंस की चूक तुझी. तेच खरं धरून बसण्याआधी त्या विमानात काय झालं ते पुन्हा एकदा आठवून बघ, एवढंच सांगायचं होतं. माफी मागण्याइतकं माझं तोंड नाही. तरी मागतो.

मला ऐकू येत नाही, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं तर लिहूनच दे. नाही दिलंस तरी तुझा राग योग्यच आहे.

जिलानी

•

लातूर, २४ मार्च

आदरणीय काका,

तुमचं पत्र आधी अप्पांनी वाचलं. त्यांनी ते दोन दिवस हत्यारांच्या पेटीत ठेवलं होतं. मग म्हणाले, "तुझं हाय, तूच वाच."

आठवून बघा म्हणालात. काका, मी विसरलेलेच नाही. चौथ्या फेरीत आम्ही धावपट्टीला समांतर आलो तेव्हा सरांची हनुवटी छातीला टेकलेली होती, डोळे मिटलेले. मी ते बघितलं.

पण सर तसं करायचेच. परीक्षा घ्यायची असली की समोरच्या वेग-उंचीच्या घड्याळांवर फाइल धरायचे, नाहीतर डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, मी नाही असं समज. आम्ही सगळी मुलं त्या दिवसाची वाट बघायचो, कारण त्यानंतरच एकटीनं उडायला मिळतं. मला वाटलं, आज माझा दिवस आला. त्यांना हाक मारली असती, हात लावला असता, तर नापास झाले असते. आणि सरांना हात लावून उठवायचं तरी कसं? घरी अप्पा दुपारी झोपले असले तर आम्ही त्यांनाही उठवत नाही.

म्हणून मी एकटीनं वळवलं. एकटीनं खाली आणलं. काका, मला भीती वाटलीच नाही. इतकं छान वाटत होतं की मी मनातल्या मनात हसत होते. धावपट्टीवर आल्यावर इंजिनाचा जोर कमी केला, आणि त्याच वेळी सर दचकले. दोघांचे दांडे जोडलेले असतात, माझा हातातून मागे गेला. पुढे फक्त आवाज.

शुद्धीवर आले तेव्हा ऐकलं की मी गांगरले. सर म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं वाटलं. ते सोळा वर्षं उडतात, मी सत्तेचाळीस तास. माझं काहीतरी चुकत असणार, वेग जास्त असेल, रेषा सोडली असेल, म्हणून तर सरांना दांडा ओढावा लागला. हेच अप्पांना सांगितलं. हेच लिहून दिलं. अप्पा फक्त एवढंच म्हणाले, "गुरूच्या शब्दाला आडवं जाऊ न्हये."

पायात स्टीलची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. डॉक्टर म्हणतात चालशील, उडायचं वर्षभरानं बघू. मी संस्था सोडली आहे. बी.एस्सी.चा फॉर्म भरला. तो पायामुळे नाही भरला. ज्या हातांवर माझा एवढा भरवसा होता ते ऐन वेळी चुकले आणि मला कळलंसुद्धा नाही, तर ते हात घेऊन मी परत वर कशी जाऊ?

तुमच्यावर राग आला होता. लिहिता लिहिता थोडा कमी झाला. तुम्ही गोळीचं सांगितलंत, पण मला जे हवंय ते तुम्हाला सांगता येणार नाही. सरांनी दांडा ओढण्याआधी माझं उतरणं बरोबर होतं की नाही? ते फक्त सरांना ठाऊक आहे. त्यांना विचारायची माझी हिंमत होत नाही.

तनुजा

•

कंधार, २९ मार्च

दयानंद,

सोबत त्या मुलीचं पत्र आहे. शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र मी फाडायला घेतलं होतं. तुझ्या रजियाचाचीने मला लपून फाडताना बघितलं. म्हणाली, "रोजा रखके ये काम करते क्या जी? किसकू मुँह दिखाते फिर?" चाळीस वर्षांत तिने मला दुकानातलं काही विचारलं नव्हतं. मी सगळं तिला सांगितलं, मोठ्याने, कारण हळू बोललेलं मला स्वतःला ऐकू येत नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. दुसऱ्या दिवशी मी चौकशीवाल्यांना लिहिलं. ते येतील तेव्हा येतील. मी शटर उघडंच ठेवतो.

मी तुझं नुकसान केलं. एकदा गोळी देऊन, दुसऱ्यांदा हे लिहून. पहिल्याचा पस्तावा मरेपर्यंत राहील. दुसऱ्याचा नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, बेटा. दुखेल, पण मी सहन करीन.

तिने एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर माझ्या दुकानात नाही.

जिलानी

•

लातूर, १० एप्रिल

तनुजा,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरंच करतेस. फोनवर मी पुन्हा काहीतरी गुंडाळून सांगितलं असतं.

मंगळवारी मी नवीन जबाब लिहून दिला. गोळी, जडावलेले डोळे, झोप, सगळं. माझं लायसन्स काढून घेतलंय. पुढे काय होईल ते होईल. गावी जाऊन बाबांनाही सांगून आलो. ते मला घेऊन शेतात गेले आणि आम्ही दोघं करडईच्या धसकटात उभे राहिलो. जिलानीचाचांकडे जायला अजून पाय उचलत नाही. राग त्यांच्यावर नाही, हे आता कळतंय. त्यांच्याकडून खूण करायची राहिली. मला तर सगळं दिसलं होतं.

तेच लिहायला बसलोय आणि चार कागद फाडून झाले.

मी चाचांना लिहिलं की जाग आली तेव्हा जमीन जवळ होती आणि पुढचं माझ्या जबाबात आहे तसंच. ते खोटं होतं. इंजिनाचा आवाज उतरला म्हणून मला जाग आली. तू जोर कमी केला होतास, जिथे करायला हवा तिथेच. मला वाटलं इंजिन बंद पडलं. डोळे उघडले तेव्हा धावपट्टी समोर मधोमध होती. वेगाचा काटा साठवर. वारा उजवीकडून होता, आणि तू उजवा पंख हलकाच खाली धरून विमान सरळ ठेवलं होतंस. ते मी तुला तीनदा सांगूनही जमत नव्हतं. हे सगळं मी पाहिलं, अर्ध्या क्षणात, पण पाहिलं. घाबरलेला हात तरीही हलला. मीच दांडा ओढला, मीच डाव्या पायाखालचं पेडल दाबलं.

त्यानंतर इस्पितळात तू मला सॉरी म्हणालीस, तेव्हाही मला हे माहीत होतं. मी तुझ्या पलंगाशी उभा होतो आणि मला माहीत होतं. बाहेर येऊन मी रिक्षा केली. लाज वाटते म्हणणं फार सोपं आहे, तनुजा, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

तू परत ये, असं सांगायचा हक्क मला नाही. बी.एस्सी. कर, नाहीतर आणखी काही कर. पण हात चुकले म्हणून करू नकोस. तुझा शिक्षक म्हणवून घ्यायची माझी लायकी उरलेली नाही. तरी उत्तर मलाच द्यावं लागतंय, कारण त्या विमानात बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

तुझं उतरणं बरोबर होतं.

दयानंद